आईकडून येणारा डीएनए आणि मधुमेह : आजी, आई, मावशी आणि आता मी

उत्तररात्र :

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज धागा काढतेय, कारण गेले तीन आठवडे एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

मी ४१ वर्षांची. दीड वर्षापूर्वी मधुमेह निघाला. वजन ४८ किलो, आयुष्यात कधी ५० च्या वर गेलेलं नाही, रोज तासभर चालते. निदान झालं तेव्हा कागदावर 'टाइप २' असं लिहून मेटफॉर्मिन सुरू झालं आणि सोबत वजन कमी करण्याच्या सूचनांचा छापील कागद मिळाला. तो कागद माझ्याकडे बघून दिलेला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता घरातलं सांगते. आईला ३८ व्या वर्षी मधुमेह, तीही किडकिडीत. मावशीला ४४ व्या वर्षी. आईच्या आईला होता, पण कधीपासून ते कुणालाच नीट माहीत नाही. मामाला आहे. वडिलांकडे मात्र कुणालाच नाही. आत्या आणि काका सत्तरी ओलांडूनही साखरेच्या बाबतीत ठणठणीत. शिवाय आई आणि मावशी दोघींना पन्नाशीच्या आधीच ऐकू येईनासं झालं. आजी तर शेवटची वीस वर्षं ठार बहिरी होती. 'आपल्यात कान लवकर जातात' असं आम्ही म्हणायचो, पण कान आणि साखर यांचा एकत्र विचार कधी कुणी केला नाही.

मग मागच्या महिन्यात वाचनात आलं की पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो, तो फक्त आईकडून येतो आणि त्यातल्या बदलांमुळे मधुमेह होऊ शकतो. वाचून अंगावर काटा आला. यात खरं किती? आमच्या घरात जे दिसतंय ते हेच असेल का? असेल तर तपासायचं कसं? आणि तपासून उपयोग काय? मला धाकटी बहीण आहे, तिला दोन लहान मुलं आहेत. आईला यातलं अजून काही बोललेले नाही. जाणकारांनी कृपया लिहा, विस्ताराने लिहिलंत तरी चालेल.

सावली२२ :

वाचतेय. माझ्याही माहेरी आईच्याच बाजूने आहे, त्यामुळे उत्तरांची वाट बघते.

पेशीवाचक :

उत्तररात्र, मी रेणवीय जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे तुमच्या घरात नेमकं काय आहे हे मी सांगू शकत नाही, पण हे चालतं कसं ते सांगतो.

आपल्या पेशीत डीएनए दोन जागी असतो. मोठा साठा केंद्रकात, सुमारे ६ अब्ज बेसजोड्यांचा (बेसजोड्या म्हणजे डीएनएची अक्षरं), निम्मा आईचा आणि निम्मा वडिलांचा. दुसरा मायटोकॉन्ड्रियात. ते एक इवलंसं वर्तुळ असतं, अवघ्या १६,५६९ बेसजोड्यांचं. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत १९६३ साली तो पहिल्यांदा नीट ओळखता आला आणि १९८१ मध्ये केंब्रिजच्या गटाने माणसातली त्याची संपूर्ण अक्षरमाला प्रसिद्ध केली. त्यात फक्त ३७ जनुकं आहेत. त्यातली १३ प्रथिनं बनवतात, आणि ही तेराच्या तेरा प्रथिनं अन्नापासून ऊर्जा काढणाऱ्या यंत्रणेचे भाग आहेत. उरलेली २४ जनुकं ही प्रथिनं तयार करायला लागणारी अवजारं पुरवतात. मायटोकॉन्ड्रियातली बाकीची हजाराहून अधिक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत येतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण 'मायटोकॉन्ड्रियाचा दोष' म्हणजे दर वेळी 'आईकडून आलेला दोष' नव्हे. तो केंद्रकातला असेल तर वडिलांकडूनही येऊ शकतो.

आता मधुमेहाशी संबंध काय? स्वादुपिंडातल्या बीटा पेशीला रक्तातली साखर कळते ती साखर जाळून. साखर आत येते, मायटोकॉन्ड्रियात जळते, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) वाढतं. एटीपी वाढलं की पेशीच्या आवरणावरची पोटॅशियमची दारं बंद होतात, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्शुलिन बाहेर पडतं. मधला एटीपीचा टप्पाच कमजोर असेल, तर रक्तात साखर भरपूर असूनही त्या पेशीला ती पुरेशी जाणवत नाही. मला या साखळीचं दर वर्षी शिकवताना नव्याने आश्चर्य वाटतं. आतल्या कानालाही सतत ऊर्जा लागते, त्यामुळे तोही लवकर भरडला जातो. म्हणून तुम्ही कानांचा उल्लेख केलात ते फार चांगलं झालं.

वारशाचं म्हणाल तर मराठीत हे समजावणं सोपं जातं, कारण आपले नात्यांचे शब्दच हा फरक दाखवतात. मावशी आणि मामा, दोघांकडेही तुमच्या आजीचाच मायटोकॉन्ड्रियल डीएनए आहे. मावसभावंडं त्याच वाटेवरची. मामाकडे तो आहे, पण त्याच्यापाशीच थांबतो. मामेभावंडांना तो मामीकडून मिळालेला असतो. आत्या, काका, आतेभावंडं, चुलतभावंडं यांचा तुमच्या वर्तुळाशी काही संबंध नाही. कागदावर घराण्याचं झाड काढा आणि ज्यांना ज्यांना मधुमेह किंवा बहिरेपण आहे त्यांच्यावर खूण करा. सगळ्या खुणा आजीपासून फक्त बायकांमार्फत खाली आलेल्या दिसल्या आणि मामाची मुलं सुटलेली दिसली, तर शंका घ्यायला जागा आहे.

मृद्गंध :

फारच छान समजावलंत. माझा एक उपप्रश्न. मी मागे वंशावळीची एक डीएनए चाचणी करून घेतली होती, त्यात माझा 'मातृवंशाचा हॅप्लोग्रुप' आला होता. आता एक संकेतस्थळ म्हणतंय की त्या हॅप्लोग्रुपच्या लोकांना मधुमेहाचा आणि लठ्ठपणाचा धोका जास्त असतो. माझ्या घरात कुणालाच मधुमेह नाही. मी काळजी करावी का?

वैद्यकी :

मृद्गंध, तुमच्या प्रश्नाकडे दुसरं कुणी वळेलच. मी आधी उत्तररात्र यांच्याकडे येते, कारण तिथे घाई आहे. मी मधुमेहाचेच रुग्ण पाहते.

तुम्ही जे वर्णन केलंत, म्हणजे मातृवंशातून आलेला मधुमेह, कृश शरीर, तिशी-चाळिशीत सुरुवात आणि सोबत बहिरेपण, त्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. 'मातृवंशागत मधुमेह आणि बहिरेपण' असा त्याचा सरळ अर्थ. १९९२ मध्ये अशा एका मोठ्या कुटुंबात त्याचं कारण सापडलं. मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या ३२४३ व्या जागी 'ए' ऐवजी 'जी' हे अक्षर. फक्त एक अक्षर. ते ल्युसिन हे अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या आरएनएच्या जनुकात आहे, त्यामुळे तेराही प्रथिनांची जुळणी अडखळते. हाच बदल दोन वर्षं आधी, १९९० मध्ये, एका वेगळ्याच आजारात सापडला होता. त्यात लहान वयात पक्षाघातासारखे झटके येतात. एकच बदल, पण एका घरात नुसता मधुमेह आणि दुसऱ्या घरात मेंदूचा गंभीर आजार, हे असं का होतं ते पेशीवाचक अधिक चांगलं सांगतील.

सगळ्या मधुमेहींमध्ये याचं प्रमाण साधारण १ टक्का किंवा त्याहूनही कमी. पण मधुमेही इतके आहेत की हा १ टक्काही लहान नाही. आणि यातले बरेच जण तुमच्यासारखेच 'टाइप २' या नावाखाली वर्षानुवर्षं राहतात. काहींना 'टाइप १' म्हटलं जातं, पण त्यांच्या रक्तात टाइप १ ची खूण असलेल्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) पत्ता नसतो.

निदानाचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत. उपयोग आहे, आणि बराच आहे. पहिली गोष्ट औषधाची. मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियाच्या कामात थोडा अडथळा आणतं आणि लॅक्टिक आम्ल वाढवू शकतं. ज्यांचे मायटोकॉन्ड्रिया आधीच थकलेले आहेत त्यांच्यात आम्ही बहुतेक जण ते टाळतो. पण कृपया, हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. आधी तुमच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, त्यांनी पर्याय दिला की मग बदला. दुसरी गोष्ट म्हणजे इथे मूळ अडचण इन्शुलिन कमी स्रवण्याची असते, त्यामुळे अनेकांना काही वर्षांत इन्शुलिन घ्यावं लागतं. ते लागलं तर तुमचं पथ्य चुकलं असं समजून स्वतःला दोष देऊ नका. शिवाय हृदयाचा आलेख, मूत्रपिंडं, डोळ्यांचा पडदा आणि श्रवणचाचणी हे सगळं पाहून ठेवावं लागतं. ऐकू येणं आधी उंच स्वरांपासून कमी होतं, त्यामुळे माणसाला स्वतःला बराच काळ कळत नाही. बहुतेकांत बहिरेपण मधुमेहाच्या आधी येतं.

चाचणीबद्दल एक महत्त्वाचं. रक्तात या बदलाचं प्रमाण वयाबरोबर घटत जातं. चाळिशीनंतर रक्तात तो इतका कमी उरू शकतो की जुन्या पद्धतीच्या चाचणीत निसटतो. म्हणून लघवीत उतरणाऱ्या पेशींची तपासणी जास्त भरवशाची. चाचणी लिहून घेताना हे आठवणीने सांगा.

आकडेवेडा :

चांगली चर्चा. आता थोडा थंड विचार, कारण या विषयात लोक पटकन वाहवत जातात.

सर्वप्रथम 'आईकडे आहे म्हणजे मायटोकॉन्ड्रिया' हे समीकरण. मधुमेही लोकांना विचारलं तर आईला मधुमेह असल्याचं सांगणारे जास्त निघतात, असं अनेक पाहण्यांत दिसलंय. पण याची दुसरीही कारणं असू शकतात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध दीर्घ अभ्यासातल्या मुलांच्या पिढीची आकडेवारी २००० साली आली. त्यात आई-वडील दोघांनाही मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत, फक्त आईला मधुमेह असेल तर जोखीम सुमारे साडेतीन पट होती आणि फक्त वडिलांना असेल तरीही जवळजवळ तितकीच. दोघांना असेल तर सहा पट. म्हणजे नेहमीच्या मधुमेहात वडिलांचं पारडं आईपेक्षा हलकं नाही.

त्याच वर्षीचा ॲरिझोनातल्या पिमा या मूळनिवासी लोकांवरचा अभ्यास तर मला फारच देखणा वाटतो. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली होती. आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेली मुलं आणि झाल्यानंतर जन्मलेली मुलं. नंतर जन्मलेल्यांत मधुमेहाची शक्यता कितीतरी जास्त निघाली, सुमारे ३.७ पट. वडिलांच्या मधुमेहाबाबत असा आधी-नंतरचा फरक दिसला नाही. आता विचार करा. सख्खी भावंडं, एकच आई, एकच मायटोकॉन्ड्रियल वारसा. मग फरक कशाने पडला? गर्भाशयातल्या साखरेने. म्हणजे आईकडून येणाऱ्या जोखमीचा एक मोठा भाग डीएनएमधून येतच नाही, तो नऊ महिन्यांच्या वातावरणातून येतो.

मृद्गंध, आता तुमच्या हॅप्लोग्रुपचं. हॅप्लोग्रुप म्हणजे हजारो वर्षांत साचलेल्या, बहुतांशी निरुपद्रवी बदलांचा गट, मातृवंशाचं आडनाव म्हणा हवं तर. मधुमेहाशी त्याचं नातं शोधणारे भरपूर निबंध आहेत, आणि त्यातले पुष्कळसे दुसऱ्या लोकसमूहात टिकत नाहीत. १६१८९ व्या जागेवरच्या बदलाचं उदाहरण घ्या. १९९८ मध्ये इन्शुलिनला दाद न देण्याशी त्याचा संबंध दिसला. २००५ मध्ये युरोपीय लोकांच्या मोठ्या तपासणीत मधुमेहाशी काही नातं दिसलं नाही. २००८ मध्ये आशियाई लोकांत पुन्हा दिसलं. यातून मी एवढंच घेतो की परिणाम असला तर लहान आहे, आणि बाकीच्या जनुकांवर व राहणीवर अवलंबून आहे. अजून एक मेख आहे. हॅप्लोग्रुप आणि लोकसमूह हातात हात घालून चालतात. नमुन्यात दोन समूह नकळत मिसळले गेले, तर केंद्रकातल्या जनुकांचा किंवा राहणीतला फरकही हॅप्लोग्रुपच्या नावावर जमा होतो. त्या संकेतस्थळाच्या वाक्यावर तुम्ही झोप घालवू नये.

पेशीवाचक :

आकडेवेडा, पिमांच्या अभ्यासाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. वर्गात मी तो नेहमी सांगतो. पण 'परिणाम लहान' यावर मला थोडं भांडायचंय.

आधी वैद्यकी यांनी माझ्याकडे सोपवलेला प्रश्न. एका पेशीत या वर्तुळाच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. बदल सगळ्या प्रतींत असेलच असं नाही. काही बदललेल्या आणि काही मूळच्या, अशी सरमिसळ असू शकते. तिला हेटेरोप्लाझ्मी म्हणतात. बदललेल्या प्रती एका उंबरठ्यापर्यंत असल्या तर पेशी सांभाळून नेते. तो उंबरठा अनेकदा ६० ते ९० टक्क्यांच्या घरात असतो आणि प्रत्येक अवयवाचा वेगळा. तो ओलांडला की काम ढासळतं. आता मण्यांनी भरलेला मोठा डबा डोळ्यांपुढे आणा, पांढरे आणि काळे मणी मिसळलेले. परिपक्व स्त्रीबीजात लाखाच्या वर प्रती असतात, पण त्या सगळ्या वाढलेल्या असतात त्या स्त्रीबीजाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या अगदी मोजक्या प्रतींपासून. डब्यातून मूठभर मणी काढून त्यावरून नवा डबा भरावा तसं. एका मुठीत काळे चार येतील, दुसरीत चाळीस. म्हणून एकाच आईच्या एका मुलाला काहीच होत नाही, दुसऱ्याला चाळिशीत मधुमेह होतो आणि तिसऱ्याला मेंदूचा आजार. आईने काही केलं किंवा केलं नाही म्हणून हे ठरत नाही.

अशा मूक वाहकांची संख्या मोठी आहे. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये प्रौढांच्या एका सर्वसाधारण गटात ३२४३ चा बदल दर ४२४ माणसांमागे एकात सापडला. इंग्लंडमध्ये २००८ साली नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात रोगकारक समजले जाणारे दहा बदल शोधले, तेव्हा दर २०० बाळांमागे एकात त्यातला एखादा मिळाला. यातल्या बहुतेकांना कधी काही होणारही नाही.

आता भांडण. एक, २००४ मधलं एक कुटुंब. १४२ नातेवाईक तपासले. मातृवंशातल्यांना उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि रक्तात कमी मॅग्नेशियम, यांतलं काही ना काही. कारण ४२९१ व्या जागी एका अक्षराचा बदल. इथे सरमिसळही नव्हती, सगळ्या प्रती बदललेल्या होत्या. तरी प्रत्येक लक्षण जवळपास निम्म्यांतच दिसत होतं. म्हणजे एकच वर्तुळ तेव्हाही सगळं ठरवत नाही, पण त्याचा हात मात्र ठळक दिसतो.

दोन, २०१६ मध्ये स्पेनच्या गटाने उंदरांवर केलेला प्रयोग. केंद्रक तोच, खाणं तेच, फक्त मायटोकॉन्ड्रियल डीएनए दोन वेगवेगळ्या, पण दोन्ही निरोगी वंशांचा. कुठलाच 'रोगकारक' म्हणावा असा नाही. तरी वय वाढत गेलं तसे इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद, चरबी आणि वार्धक्याची गती यांत दोन गट वेगळे झाले. माणसांच्या अभ्यासात हा धडा स्वच्छपणे शिकता येत नाही, तुम्ही म्हणता त्या लोकसमूहांच्या सरमिसळीमुळेच. प्रयोगशाळेत तो शिकता आला. म्हणून सर्वसाधारण फरकांनाही काही अर्थ आहे, असं मी मानतो.

आकडेवेडा :

उंदरांचा प्रयोग भक्कम आहे, त्यावर वाद नाही. माझा रोख त्यातून एकेका माणसाचं भविष्य सांगण्यावर आहे. ब्रिटनच्या बायोबँकेतल्या (स्वयंसेवकांच्या जैविक नमुन्यांच्या साठ्यातल्या) साडेतीन लाखांहून अधिक लोकांवरचं काम २०२१ मध्ये आलं, आणि त्यात टाइप २ मधुमेहासकट कितीतरी गोष्टींशी मायटोकॉन्ड्रियल बदलांचं नातं मिळालं. तिथे नमुना इतका मोठा होता म्हणूनच ते दिसू शकलं. एका व्यक्तीच्या जोखमीत त्याने पडणारा फरक वजन, हालचाल आणि केंद्रकातली जनुकं यांच्यापुढे बारीक आहे. ३२४३ ची गोष्ट वेगळी, तिला मी या यादीत धरतच नाही.

पेशीवाचक :

हे मान्य. एक भर घालतो, मला हे फार आवडतं म्हणून. या वर्तुळातल्या एका आरएनएच्या जनुकात १६ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन दडलेलं आहे, मॉट्स-सी नावाचं. २०१५ पर्यंत ते कुणाला माहीत नव्हतं. उंदरांत ते इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारतं. पूर्व आशियातल्या काही मातृवंशांत त्याचं एक अक्षर बदललेलं असतं, १३८२ व्या जागी. २०२१ च्या एका अभ्यासात त्या बदलाने मधुमेहाची जोखीम वाढलेली दिसली ती फक्त पुरुषांत, आणि त्यातही कमी हालचाल करणाऱ्यांत. वारसा आणि राहणी एकमेकांत कसे गुंततात ते इथे दिसतं. दुसऱ्या बाजूला जपान आणि कोरियात एन९ए हा मातृवंश मधुमेहापासून थोडं संरक्षण देतो असं २००७ मध्ये दिसलं होतं. म्हणजे वारसा दर वेळी वाईटच असतो असं नाही.

मृद्गंध :

दोघांचेही आभार. आता निश्चिंत आहे. चालणं मात्र उद्यापासून सुरू करते.

सावली२२ :

मला थोडं वेगळं लिहायचंय. मला मधुमेह निघाला तेव्हा घरात एक वाक्य ऐकू आलं, 'हिच्या आईकडचंच आहे ते.' आई तिथेच बसलेली होती. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर प्रत्येक वेळी माझी साखर वाढली की ती अपराध्यासारखी बघते. हा डीएनए फक्त आईकडून येतो असं वाचलं की मला भीती वाटते, की आता या बोलण्याला शास्त्राचाही आधार मिळेल. उत्तररात्र, तुम्ही आईला अजून सांगितलेलं नाही, ते मी समजू शकते.

वैद्यकी :

सावली२२, तुमच्या आईला माझ्या वतीने एवढं सांगा. नेहमीच्या टाइप २ मध्ये वडिलांचाही वाटा तितकाच असतो, तो आकडा वर आकडेवेडा यांनी दिलाच आहे. आणि ज्या मोजक्या घरांत मायटोकॉन्ड्रियल कारण असतं, तिथेही आईला तो बदल तिच्या आईकडूनच आलेला असतो, तिने निवडलेला नसतो. बाळात त्याचं प्रमाण किती उतरेल हे तिच्या स्वतःच्या जन्माच्याही आधी ठरायला लागलेलं असतं, कारण स्त्रीबीजं आईच्या पोटातच तयार होतात. म्हणजे तुम्ही ज्या स्त्रीबीजापासून झालात ते तुमच्या आजीच्या उदरात असतानाच आकाराला आलं होतं. माझ्या एका रुग्णाला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ रडली आणि नंतर म्हणाली, 'मग मी कुणावर रागवू?' मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

उत्तररात्र, तुमच्या बहिणीबद्दल. तिला तो बदल असेल तर तिच्या दोन्ही मुलांकडे तो काही प्रमाणात जाण्याची शक्यता आहे, पण किती हे आधी सांगता येत नाही. लहान मुलांना लक्षणं नसताना घाईने चाचणी करू नये, आनुवंशिकतेच्या सल्लागाराशी बोलून ठरवावं. मुलांसाठी आजच करण्यासारखी गोष्ट साधी आहे. कानाला घातक असलेली काही प्रतिजैविकं, म्हणजे जेंटामायसिनच्या गटातली, द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना घराण्यातल्या बहिरेपणाची कल्पना द्यावी. १५५५ व्या जागी बदल असलेल्यांत त्या औषधांनी बहिरेपण येतं हे १९९३ पासून माहीत आहे. तो बदल वेगळा, पण कल्पना देणं दोन्ही बाबतीत शहाणपणाचं.

पुढे मूल हवं असणाऱ्यांसाठी आता वाटा आहेत. ब्रिटनने २०१५ मध्ये मायटोकॉन्ड्रिया दानाला कायद्याने मुभा दिली. त्यात आई-वडिलांचा केंद्रकातला डीएनए दुसऱ्या स्त्रीच्या बीजात ठेवला जातो. जुलै २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या गटाने अशा पद्धतीने जन्मलेल्या आठ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. ती बाळं ठीक आहेत, काहींत आईकडचा बदल थोड्या प्रमाणात उतरला आहे, आणि त्यांच्याकडे पुढे लक्ष ठेवलं जाणार आहे.

उत्तररात्र :

सात आठवड्यांनी परत येतेय. उशीर झाला, माफ करा. मधल्या काळात प्रत्येक प्रतिसाद तीन-चार वेळा वाचला.

घराण्याचं झाड काढलं. खुणा केल्या. पेशीवाचक म्हणाले तसंच चित्र निघालं, मामाची तिन्ही मुलं सुटलेली आणि मावशीची मोठी मुलगी कानाचं यंत्र वापरते, जे मला माहीतच नव्हतं. तो कागद घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि रक्त व लघवी दोन्हींची चाचणी लिहून दिली. अहवाल आला आहे. ३२४३ चा बदल आहे. रक्तात ९ टक्के, लघवीतल्या पेशींत ४६. रक्तावर थांबलो असतो तर कदाचित निसटला असता. वैद्यकी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

मेटफॉर्मिन त्यांनी थांबवलं, थोड्या मात्रेत इन्शुलिन सुरू केलंय. हृदयाचा आलेख ठीक. डोळे तपासायचे आहेत. श्रवणचाचणीत उंच स्वर कमी ऐकू येतात असं निघालं, दोन्ही कानांत. मला आजवर कधी जाणवलं नव्हतं.

आईला सांगितलं. सावली२२, तुमचा प्रतिसाद वाचून तीन दिवस धीर होत नव्हता. शेवटी तिला ते झाडच दाखवलं, सगळ्यात वर आजी, तिच्याखाली ती, मावशी, मामा. आई कितीतरी वेळ आजीच्या नावावर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "आम्ही तिच्यावर किती ओरडायचो गं, लक्ष देत नाही म्हणून." एवढंच. नंतर तिने स्वतःहून विचारलं, तिची चाचणी कधी करायची.

बहिणीची सल्लागाराशी भेट ठरली आहे, मुलांचं तिथेच ठरवू. मावसबहिणीला काल फोन केला, मोठ्याने बोलावं लागलं. ती सोमवारी साखर तपासून घेणार आहे. आणि मामाच्या मुलांना कळवलं, की या वाटेने हे तुमच्यापर्यंत आलेलं नाही.